तीस दिवसांचा दर्या

इनासकाकांची वाट मी लावली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला भली बाई समजायला नको. वाईट हेतूने लावली असती तर एव्हाना विसरले तरी असते. चांगल्या हेतूने लावली, तीच तर पंचाईत आहे.

साठ-बासष्टचा सुमार. मी अंधेरीच्या एका ऑफिसात परवाना विभागात कारकून होते. लग्नाचे मांडव, लाउडस्पीकर, सर्कशीचे तंबू, जत्रेतले पाळणे, म्हणजे ज्या ज्या गोष्टीने माणसाला चार घटका बरं वाटतं ती प्रत्येक गोष्ट आमच्या टेबलावरून जायची. आम्ही तिला परवानगी द्यायचो किंवा नाकारायचो. नाकारणं सोपं पडायचं, त्याला एकच सही लागायची. विभागात बाई मी एकटी, त्यामुळे जो अर्जदार कुणालाच समजायचा नाही तो माझ्याकडे यायचा. आमचे हेडक्लार्क पोंक्षे लांबूनच बोट दाखवायचे, "त्या बाईंना भेटा." आणि पानाचा डबा उघडायचे.

असेच एकदा इनासकाका आले. पन्नाशीचा माणूस, काळाशार, मनगटं ही अशी, अंगात पांढरा शर्ट आणि डोक्याची टोपी हातात. ऑफिसात शिरताना चर्चमध्ये शिरल्यासारखी टोपी काढणारा अर्जदार मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या ऑफिसात लोक शिरायचे ते बाह्या सरसावून.

ते मरोळ गावठाणातले. जुनं ख्रिस्ती घराणं, भातशेती, आणि शेतीवर भागत नाही म्हणून हातात सुतारकी. सासुरवाड वर्सोव्याला, सासरे होड्या बांधायचे. लग्नानंतर वीस वर्षं काकांनी सासऱ्यांकडे होड्या बांधल्या. सासरे वारले, मेहुणे आपापसात भांडले, काका करवतीसकट मरोळला परत आले. आता मरोळला होडी कोण घेणार? पवईच्या तळ्यात चालवायला? पण हाताची खाज काही जात नाही माणसाची. तेव्हा त्यांनी शेतालगतच्या माळावर लाकडाचा एक दर्या बांधला.

दर्या हे त्यांचंच नाव. उंच खांबांवर लाकडी रुळांची वाट. एका टोकाला नारळाच्या झाडाइतकी चढण, तिथून खाली घसरण, मग एक उंचवटा, पुन्हा घसरण, असे तीन. त्यांना ते लाटा म्हणायचे. थोरली, मधली आणि धाकटी. रुळांवर धावणार होती ती चाकं लावलेली खरीखुरी होडी, सहा माणसांची. बैल रहाट फिरवणार, दोर होडीला थोरलीच्या डोक्यावर ओढणार, दोर सुटला की होडी आपली आपण धडाधडा खाली, वर, खाली, वर, आणि शेवटी पेंढ्याच्या ढिगाऱ्यात जाऊन घुसणार. विलायतेत असल्या गाड्या असतात म्हणे. काकांनी विलायत पाहिली नव्हती, मढच्या खाडीतून भरतीच्या वेळी होडी हाकली होती. त्यावरून त्यांनी हे केलं.

मला त्यांनी हे सगळं टेबलावर हाताने करून दाखवलं. माझा टाक होडी झाला आणि शाईची दौत पेंढा झाली. मी म्हटलं, पाळणा आहे का? म्हणाले, नाय. यांत्रिक आहे का? म्हणाले, बैल हाय. मी फॉर्म वरून खाली वाचला, खालून वर वाचला. सर्कस, तंबू, नाटक, तमाशा, चक्रपाळणा, मौत का कुवा, सगळ्याला रकाना होता. वर-खाली धावणाऱ्या होडीला नव्हता.

पोंक्ष्यांनी पान चघळत सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "लाकडी खांब आहेत ना? मग मांडव आहे. तात्पुरता मांडव, तीस दिवस. मुदतीनंतर उतरवणे. लिहा."

"अहो, पण तो वर-खाली..."

"बाई, मांडव वर-खाली असू नये असं कुठे लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. मी तीस दिवसांचा मांडव लिहिला, शिक्का मारला आणि विसरले.

एकतिसाव्या दिवशी काका नव्या परवान्यासाठी हजर. पुन्हा तीस दिवस. मग पुन्हा. चार-पाच महिने असे गेल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. मुदतीनंतर मांडव उतरवणे अशी अट होती. ती कुणी पाळत नाही हे आम्हाला माहीत होतं. लोक झालर काढायचे, तिसऱ्या दिवशी परत लावायचे. पण या गृहस्थाचा मांडव म्हणजे अर्ध्या मरोळाएवढा. उद्या कुणी तक्रार केली तर सही माझी. म्हणून एका महिन्याच्या तिसाव्या दिवशी मी सकाळीच बसने मरोळ नाक्याला उतरले आणि शेताच्या बांधावरून तपासणीला गेले.

माळावर दर्या नव्हता!

म्हणजे होता, पण जमिनीवर आडवा. खांब एकीकडे, रूळ एकीकडे, आणि जुन्या शिडाच्या कापडावर सांधे जोडणाऱ्या शंभरावर लाकडी खुंट्या ओळीने मांडलेल्या. काका एकेक खुंटी उचलत होते, वाजवून बघत होते, वास घेत होते, नखाने टोकरत होते. दोन भाऊबंद आणि काकांची बायको रोझीकाकी फडक्याने सांधे पुसत होते. मी तिथेच उभी राहिले. काकांना वाटलं, बाई रागावली. घाईघाईने सांगायला लागले की दुपारपर्यंत सगळं उतरेल, पेंढा तेवढा राहिलाय.

मी विचारलं, दर महिन्याला हे असं करता?

"तुम्हीच लिवलंय ना बाय. उतरवने."

मी बांधावरच्या दगडावर बसले. रोझीकाकीने पाणी दिलं, वर उकडलेली रताळी दिली. मग काकांनी मला समजावून सांगितलं, आणि ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. होडी वर्षाला एकदा किनाऱ्यावर ओढतात, सांधे उघडून बघतात, तेल पाजतात, मग पावसाळ्यानंतर पुन्हा पाण्यात. पण पाण्यातली होडी नुसती हलते, आपटत नाही. दर्यावर होडी रोज चाळीस वेळा आपटते. मग सांधा किती दिवसांनी उघडावा हा प्रश्न काकांना आधीपासून छळत होता. वर्ष फार, आठवडा कमी. आणि नेमका सरकारी कागदावर आकडा मिळाला. त्यांनी एकदा तीस दिवसांनी उघडून बघितलं तर खुंट्या नुकत्या कुठे ढिल्या पडायला लागल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी आमच्या ऑफिसाला हात जोडले होते.

"ज्यान् तीस दिवस लिवलं ना बाय, त्याला लाकडाचं कलतं. मोठा सुतार आसंल."

तो मोठा सुतार त्या वेळी अंधेरीत बसून पान लावत होता, आणि त्याने आयुष्यात पेन्सिलीला टोकसुद्धा स्वतः केलं नव्हतं. एखाद्याची श्रद्धा असते, आपण कशाला मोडायची? तपासणी अहवालात लिहिलं, "मांडव पूर्णपणे उतरवलेला आढळला." आमच्या विभागाच्या इतिहासात हे वाक्य खरं असण्याची ती पहिलीच वेळ असावी.

दर्या हा हा म्हणता गाजला. रविवारी अंधेरी, कुर्ला, पार मुलुंडहून माणसं यायची. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर माळ फुललेला. काकांच्या तऱ्हा मात्र एकेक. होडीत कुणी आपल्या मर्जीने बसायचं नाही. काका रांगेतल्या प्रत्येकाचा दंड चिमटीत धरून बघायचे आणि होडीत माल लादतात तसं वजन बघून बसवायचे. जड माणूस मध्ये, हलका टोकाला, दोन्ही बाजू सारख्या. त्यापुढे नातंगोतं, लाजलज्जा, काही नाही. नवीन लग्नाचं जोडपं आलं की नवरा इकडे आणि बायको तिकडे, कारण हिशेब जुळत नाही. सासू आणि सून यांचं वजन मात्र नेमकं जुळायचं, त्या कायम समोरासमोर. एकदा एक फौजदार आले, चांगले भरदार. काकांनी त्यांच्या दंडाला चिमटा घेतला, मान हलवली आणि तीन माणसं उतरवली. फौजदार भडकले. काका शांतपणे म्हणाले की साहेब, पाण्यात बुडालात तर एकटे बुडाल, इथे सहा जणांना घेऊन पडाल. फौजदार तिघांच्या जागेत एकटे बसून गेले, पेंढ्यात घुसले आणि उठून म्हणाले, पुन्हा एकदा.

दुसरी गंमत वासाची. दर्याच्या लाकडाला काका मुशी माशाच्या कलेजाचं तेल पाजायचे. होड्यांना तेच लावतात, वाळवी लागत नाही, पाणी मुरत नाही. पण वास म्हणजे, काय सांगू! दर्यावर बसून गेलेला माणूस घरी लपून राहत नसे. घाटकोपरच्या कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातल्या सुना चोरून यायच्या आणि कपड्यांवरून पकडल्या जायच्या. आमच्या ऑफिसातला एक जण सोमवारी नुसता आत शिरला तरी पोंक्षे खिडकी उघडायचे. माझी आई देवगडची, तिला मात्र तो वास आला की बरं वाटायचं. म्हणायची, "जरा जवळ बस गो, घरची याद येता."

आणि या माणसाला स्वतःच्या दर्याची मात्र भीती. कधी म्हणजे कधी बसले नाहीत. मी एकदा छेडलं तर म्हणाले, मी वर बसलो तर खालून आवाज कोण ऐकणार? होडी धावताना ते खांबांच्या मध्ये उभे राहायचे, डोळे मिटून, तोंड वर. वर माणसं किंकाळ्या मारायची. काकांना किंकाळ्या ऐकू येत नसत, त्यांना खुंट्या ऐकू येत. एखादी खुंटी कुरकुरली की हात वर, रहाट बंद, रांगेला सुट्टी. लोक शिव्या द्यायचे. काका टोपी काढून माफी मागायचे आणि मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन चढायचे. इतक्या वर्षांत दर्यावर कुणाच्या नखाला इजा झाली नाही. एका म्हातारीची कवळी पेंढ्यात पडली, तीही संध्याकाळी मिळाली.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. दर महिन्याला काका यायचे, टोपी काढायचे, मी शिक्का मारायची. माझं लग्न झालं, मुलगी झाली, पोंक्ष्यांचे दात गेले, ते पान कुटून खायला लागले. दर्या तात्पुरताच राहिला.

सत्तर उलटल्यावर घाटकोपरच्या बाजूला विजेची बाग निघाली. लोखंडी चक्र, गरगर फिरणाऱ्या बशा, आणि मधोमध विजेवर धावणारी लोखंडी गाडी, रंगीत दिव्यांची. तिचा परवाना वीस पानांचा, तो वरच्या ऑफिसातून आला, आमच्याकडे नुसती नक्कल. सगळी मुंबई लोटली. मरोळची रांग निम्मी झाली. काका लग्नातला कोट घालून ती गाडी बघायला गेले होते, रोझीकाकीला घेऊन. परत आल्यावर मी विचारलं, कशी आहे? म्हणाले, झकास हाय, दिवे चांगले हायत. मग जरा थांबून म्हणाले की तिथल्या मॅनेजरला विचारलं, ही खोलून सुटी कधी करता? तो हसला. म्हणाला, चांगली चाललीय, सुटी कशाला करायची?

"चांगली चाललीय तवाच बगायचं आसतं ना बाय. थांबल्यावर काय, कोनालापन कलतं."

मला त्यांची दया आली, आणि इथेच घोटाळा झाला. माझ्या मनाने घेतलं की या भल्या माणसाकडे एक नीट कागद नाही. विजेच्या बागेला वीस पानं आणि याला मांडवाची चिठ्ठी! उद्या त्याच्या भाऊबंदांनी जमीन विकायचं म्हटलं, तर मांडव म्हणून याला कुणीही हुसकून लावील. कायम परवाना असला तर माणसाच्या शब्दाला वजन येतं. पोंक्षे निवृत्त होणार होते. जाता जाता मला म्हणाले, "बाई, नसत्या भानगडीत पडू नका. तात्पुरतं असतं तेच टिकतं." मला वाटलं, म्हातारा कंटाळला.

मी कामाला लागले. नवीन रकाना तयार करवून घेतला, नकाशे काढवले, वरच्या साहेबांच्या केबिनबाहेर किती वेळा उभी राहिले ते विचारू नका. वर्षभर खपून इनासकाकांच्या दर्याला कायमस्वरूपी परवाना मिळवला. पाच पानं, लाल लाखेची मोहर. मी स्वतः मरोळला नेऊन दिला. काकांनी हात धुऊन तो हातात घेतला. काकांना अक्षरं सहीपुरतीच यायची, म्हणून रोझीकाकीने चवथ्या इयत्तेपर्यंतच्या शिक्षणाच्या जोरावर पहिलं पान मोठ्याने वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. घरात क्रुसाच्या खाली काच लावून तो टांगला. मला कोंबडीचं जेवण घातलं. परत येताना मला बसमध्ये इतकं धन्य वाटत होतं की कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडलेसुद्धा नाही.

काचेत पहिलं पानच दिसायचं. सातवी अट तिसऱ्या पानावर होती. ती मीच टाइप केली होती, दुसऱ्या कुठल्याशा परवान्यावरून उतरवून. सदर कायमस्वरूपी रचनेचा कोणताही भाग पूर्वपरवानगीशिवाय सुटा करू नये.

तीस दिवस दर्या चालला. तिसाव्या दिवशी काकांनी मोगरी काढली, आणि निघताना त्यांना वाटलं, मोठा कागद आहे, एकदा सगळा वाचून घ्यावा. रोझीकाकीने काच काढून वाचला. एकतिसाव्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर उभे होते. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. कागद म्हणतो उघडू नको, लाकूड म्हणतं उघड. मग करायचं काय?

मी हळूच म्हटलं, काका, उघडा हो, कोण बघायला येतंय? ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच खाली बघितलं. दहा वर्षं ज्या कागदाने त्यांच्या दर्याला सांभाळलं, तो कागद त्यांनी कसा मोडायचा? आणि सांधे न बघता माणसं तरी कशी बसवायची? त्यांनी दोन्ही मोडलं नाही. त्याच दिवशी माळाच्या फाटकाला दोरी बांधली. पाच पानी कायम परवाना हातात असलेला दर्या बंद झाला.

मी परवानगीचा अर्ज लिहून दिला. सांधे तपासण्यासाठी रचना सुटी करू द्यावी. नवे साहेब म्हणाले, असा प्रकार पूर्वी कुणी मागितलेला नाही, वर पाठवा. वरून विचारणा आली, रचना धोकादायक आहे काय? काकांनी प्रामाणिकपणे कळवलं, उघडल्याशिवाय सांगता येत नाही. मग, धोकादायक नसल्याचा दाखला जोडा. तो दाखला उघडून बघितल्याशिवाय कोण देणार? पुन्हा मांडव म्हणून अर्ज करावा म्हटलं, तर कायम परवाना असलेल्या जागी मांडव देता येईना. परवाना परत करावा म्हटलं, तर रचना हटवल्याचा दाखला हवा, आणि हटवायला सातवी अट आड. पोंक्षे घरी बसून कुटलेलं पान खात असतील आणि मी इथे माझ्याच टायपात अडकलेले. अर्जाची फाइल माझ्याच टेबलावरून जायची, परत यायची. मी रात्रंदिवस त्या सातव्या अटीला शिव्या घातल्या आणि स्वतःलाही सोडलं नाही.

काका दर महिन्याच्या तिसाव्या दिवशी येत राहिले. टोपी काढायची, "आला काय गो बाय?" एवढं विचारायचं, आणि नाही म्हटल्यावर "येल, येल" असं उलट मलाच समजावून जायचं. मरोळात लोक त्यांना खुळा म्हणायला लागले. लोक फाटकाशी येऊन विनवायचे, एकदा चालव, काही होत नाही. काकांचा चुलतभाऊ पेद्रू तर तोंडावर म्हणाला, हा घाबरट आधीपासूनच, स्वतः कधी बसला का? दर्या एक पावसाळा उघड्यावर भिजला. मग दुसरा भिजला. एरवी पावसाळ्यात सगळी लाकडं झावळ्यांखाली सुकी असायची. काका छत्री घेऊन खांबांत उभे राहायचे आणि ऐकायचे. पण होडीच धावत नाही, तर खुंट्या बोलणार कशा?

आणि मला ज्याची भीती होती तेच झालं. माळ सगळ्या भाऊबंदांचा सामाईक. दर्या चालत होता तोवर पेद्रूसकट सगळे गप्प होते, दर रविवारी त्यांच्याही घरच्यांचे शेंगदाण्या-सरबताचे गाडे लागायचे. बंद दर्या कुणाच्या काय उपयोगाचा? एका बिल्डरने माळ मागितला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनी सगळ्यात शेवटी केली. मी विचारलं, का केलीत? कायम परवाना होता ना, भांडायचं होतं! म्हणाले, काय सांगून भांडू? बंद ठेवायला जागा द्या?

ताबा सोमवारी द्यायचा होता. आणि परवानगी आली त्याच्या आधीच्या शुक्रवारी. दोन ओळी. सांधे तपासणीपुरती रचना सुटी करण्यास हरकत नाही, तपासणीचा अहवाल सादर करावा. खाली तीन सह्या. मला तो कागद फाडून खावासा वाटला. दाबून ठेवावा असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? काय उपयोग होता आता त्याचा! पण शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नेऊन दिला.

काकांनी हात धुतले, कागद घेतला, रोझीकाकीकडून दोनदा वाचून घेतला. चेहरा असा उजळला की मला बघवेना. अंगणातल्या पेद्रूला ते म्हणाले, उद्या सकाळी.

ही बातमी अर्ध्या तासात गावठाणभर झाली, पण उलटी. लोकांना वाटलं, दर्या उद्या शेवटचा चालणार. रविवारी चर्चमधला सकाळचा मिस्सा संपला आणि चांगल्या कपड्यातलं अख्खं गाव माळावर आलं. मीही मुलीला घेऊन गेले होते. फाटकाची दोरी सुटली. रांग लागली. काकांनी मोगरी उचलली आणि थोरलीच्या पहिल्या खांबावर चढून पहिली खुंटी ठोकून बाहेर काढली.

लोक आधी हसले, मग ओरडले. पेद्रू खालून हात जोडून म्हणाला, "इनास, अरे उद्या ते पाडणार. आज एक दिवस हाय. चालव ना रे."

काका वरून म्हणाले, "बगतो आधी."

पहिली खुंटी त्यांनी वाजवली, वास घेतला, नखाने टोकरली. ठणठणीत. दुसरी ठणठणीत. लोक म्हणाले, झालं ना, बस कर. त्यांनी तिसरी काढली. दोन पावसाळे खाल्लेलं लाकूड, आणि आतून काल बसवल्यासारखं कोरडं. दुपारपर्यंत थोरली लाट जमिनीवर आली. अर्धं गाव वैतागून जेवायला गेलं ते परत आलं नाही. पेद्रू शिव्या देत देत शेवटी स्वतःच रूळ उतरवायला लागला. मी साडी खोचून शिडाच्या कापडावर खुंट्या मांडत होते आणि मनात नको ते मागत होते. एक तरी सडकी निघू दे रे देवा. एक निघाली असती तर या माणसाची दोन वर्षं कारणी लागली असती, आणि गावाला दाखवता आलं असतं. होडीत जी माणसं बसली असती त्यांच्या जिवावर आपण हे मागतोय, याचीही लाज वाटत होती.

संध्याकाळी शेवटची खुंटी निघाली. धाकट्या लाटेची. काकांनी ती दोन्ही कानांजवळ धरून वाजवली आणि कापडावर ठेवली. सगळ्या चांगल्या. दर्या दोन वर्षं कुठल्याही दिवशी चालला असता. आजही चालला असता.

मला रडू आवरेना. मी म्हटलं, काका, मला माफ करा, सगळं नीट होतं हो, सगळं नीट होतं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मी का रडतेय ते त्यांना खरंच कळलं नाही. तोंडभर हसत होते. इतकं खूष मी त्यांना परवाना नेऊन दिला त्या दिवशीही बघितलं नव्हतं.

"बगितल्याबिगर कललं कसं आसतं, बाय?"

पुढचं थोडक्यात सांगते. त्या माळावर आता चार मजली सोसायटी आहे. घाटकोपरची विजेची बागही दहा वर्षं टिकली नाही, लोखंडी गाडी भंगारात गेली. तिची वीस पानं फाइलला तशीच लावलेली मी पाहिली आहेत. गाडी कुणी, कधी सुटी केली होती याची त्यात नोंद नाही.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. मी पिशवी उचलून निघाले तर काकांनी हाक मारली. परवानगीच्या कागदावर लिहिलं होतं ना, अहवाल सादर करावा. तो राहिला म्हणाले. मी म्हटलं, काका, आता कसला अहवाल? पण ते कोट घालून, टोपी हातात घेऊन लाकडांच्या ढिगाशेजारी उभे होते, ऑफिसात उभे राहायचे तसेच. मग मी होडीच्या फळीवर कागद ठेवला आणि लिहिलं. सर्व सांधे उघडून तपासले. सर्व खुंट्या सुस्थितीत आढळल्या. रचना चालवण्यास योग्य.

त्यांनी ते रोझीकाकीकडून वाचून घेतलं. मग माझं पेन मागितलं आणि खाली, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली.